पेन्शनरला भूल देताना

पेन्शनरच्या तोंडाला वास यायला लागला, तेव्हा त्या घरात कोणी धड झोपल्याला तीन महिने होऊन गेले होते.

पेन्शनर हा ग्रेहाउंड जातीचा, शर्यतीचा कुत्रा. लांब पाय, लांब मान, लांब तोंड, आणि अंगावर मांस म्हणाल तर नावाला. घडवणाऱ्याने सांगाडा मन लावून घडवावा आणि भराव घालायच्या वेळी त्याला कोणीतरी जेवायला हाक मारावी, तसा. शर्यतीतून त्याला काढलं त्याच महिन्यात बाबा बस डेपोतून निवृत्त झाले. त्याला घरी घेऊन आले आणि दारातूनच आईला ओरडून म्हणाले, "अगं, एक नाही, दोन पेन्शनर आलेत!" ते नाव कुत्र्याला कायमचं चिकटलं. उमेदीची वर्षं धावण्यात गेलेला हा प्राणी त्या घरात एकदाही धावला नाही. समोरून मांजर गेलं तर मान वळवून बघायचा आणि 'आमच्या वेळची मांजरं वेगळी होती' असा चेहरा करून पुन्हा आडवा व्हायचा. झोपायचाही कधीकधी डोळे उघडे ठेवून. नोकरीत लागलेली सवय असावी.

आई शिवणकाम करणारी. चौकातलं दुकान आता तिने बंद केलं होतं, पण मशीन घरात चालूच होतं. या कुत्र्याच्या अंगावर चरबी नाही, थंडी त्याला सोसत नाही, म्हणून त्याला कोट शिवायला घेतला तेव्हा माप घेताघेता तिने टेप खाली ठेवला होता. "छाती पैलवानाची, कंबर नर्तकीची. हा एक कोट आहे की दोन?"

आता तो अकरा वर्षांचा झाला होता, आणि बाबा नव्हते.

बाबा गेले ते खुर्चीत. रविवारची दुपार होती. आईला वाटलं, डोळा लागलाय. तिने खिडकी लोटून घेतली, मशीनवरचं काम बाजूला ठेवलं, आणि बाबांचे धाकटे भाऊ आले तर त्यांना जिन्यातच थोपवलं, "भावजी, हळू. जरा झोपलेत." सगळं घर तिने चिडीचूप करून टाकलं. ऊन भिंतीवरून सरकून गेलं, संध्याकाळ झाली, तेव्हा ती त्यांना चहाला उठवायला गेली.

डॉक्टरांनी सांगितलं की जे झालं ते एका क्षणात झालं. कोणी जागं असतं, कोणी हाक मारली असती तरी काही उपयोग नव्हता. आईने ते नीट ऐकून घेतलं. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने घरात कोणाला झोपू दिलं नाही.

म्हणजे झोपायला मनाई नव्हती. झोपलेलं राहायला होती. आईला सोबत म्हणून राहायला आलेल्या लेकीचा डोळा लागतोय न लागतोय तोच खांद्यावर बोट टोचायचं. "काही नाही. झोप." काकांचंही तेच. ते आठवड्यासाठी म्हणून आले आणि राहिलेच. काका दिसायला थेट बाबांसारखे. तेच नाक, तीच हनुवटी, फक्त बाबांमध्ये कोणीतरी पंपाने हवा भरल्यासारखे. त्यांचं घोरणं जरा थांबलं की आई दारात हजर. "भावजी!" "काय झालं वहिनी?" "थांबलात का?" "घोरायचा थांबलो, वहिनी, श्वास घ्यायचा नाही." पेन्शनरचे तर सगळ्यात जास्त हाल. तो डोळे उघडे ठेवून झोपला की आईला वाटायचं गेला, आणि मिटून झोपला की वाटायचं नक्कीच गेला.

अशा घरात त्याचे दात किडले.

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला आणि त्यांचं स्वतःचंच तोंड वाकडं झालं. "मावशी, या जातीचे दात मुळात वाईट. पण हे दात नाहीत, हे पडकं कुंपण आहे. बरेचसे काढावे लागतील. पू झालाय, तो रक्तात उतरला तर हृदय, मूत्रपिंडं, सगळ्याला त्रास."

"मग काढा की. मी धरते त्याला."

"धरून नाही होत. पूर्ण भूल द्यावी लागते."

"म्हणजे झोपवणार?"

"हो."

"नाही," आई म्हणाली आणि कुत्र्याला घेऊन थेट रस्त्यावर.

लेक विमा कंपनीत होती. जोखीम मोजणं हे तिचं पोटापाण्याचं काम. तिने दोन रात्री वाचून काढल्या (झोप नव्हतीच, त्यामुळे वेळ भरपूर होता) आणि आईला समजवायला बसली. म्हातारपण हा काही आजार नव्हे. तपासण्या नीट करून, या जातीची माहिती असलेल्या माणसाने भूल दिली तर शंभरातले कितीतरी कुत्रे सुखरूप...

"मला टक्के सांगू नकोस," आई म्हणाली. "तुझे बाबा किती टक्क्यांत होते?"

विमा कंपनीने कागद गुंडाळून ठेवले.

शेवटी पेन्शनरनेच निकाल लावला. आधी त्याने बिस्किट सोडलं, मग भिजवलेलं बिस्किट सोडलं. मग आईने गाळून दिलेल्या सुपाच्या भांड्याशी तो नुसता उभा राहिला, एक घोट घेतला, आणि तोंड पंज्यात खुपसून बारीक आवाजात रडला. आई बराच वेळ त्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिली. मग उठून लेकीला म्हणाली, "भूल देणारा कोण आहे, मला त्याच्याशी बोलायचंय. दात काढणारीशी नाही."

भूलवाले डॉक्टर उतारवयाचे होते आणि फार सावकाश बोलायचे. तोंडातून काढण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून बघत असावेत. आईला ते तिथेच निम्मे पसंत पडले. तरी स्थळ बघायला गेल्यासारखी ती खुर्चीत पुढे सरकून बसली.

"किती ग्रेहाउंड झोपवलेत?"

"पुष्कळ."

"किती उठले?"

त्यांनी वाक्य मनात म्हणून बघितलं. "एक उठला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी. त्याचं हृदय आधीच खराब होतं आणि आम्ही ते नीट तपासलं नव्हतं. तेव्हापासून तपासल्याशिवाय हात लावत नाही."

लेकीला वाटलं, संपलं. आई आता उठणार. पण आईने मान हलवली. खरं बोलणारा माणूस तिला उसवलेल्या शिवणीसारखा लगेच दिसायचा. आत काय आहे ते कळायचं.

"हृदय तपासणार?"

"हृदय, रक्तदाब, यकृत, मूत्रपिंडं. आणि रक्त. यांचं रक्त बाकीच्या कुत्र्यांपेक्षा दाट असतं, थायरॉइड कमी दिसतं. ज्याला माहीत नाही तो रिपोर्ट बघून उगाच घाबरतो आणि नसलेल्या रोगावर औषध देतो. भुलीचं जुनं एक औषध यांच्या अंगात फार रेंगाळतं, कुत्रा उठता उठत नाही. ते आम्ही वापरत नाही. दुसरं म्हणजे थंडी. चरबी नसल्यामुळे भूल दिली की हे भराभर गार पडतात, आणि गार पडले की उठायला उशीर. म्हणून गरम पांघरूण, पायांना मोजे..."

"मोजे मी शिवीन. चारही. तुमचे ढगळ असतील."

"शिवा. आणि भीती. हे फार घाबरट. घाबरले की अंग तापतं, रक्तदाब चढतो. म्हणून आदल्या संध्याकाळी एक गोळी आणि त्या दिवशी सकाळी एक. पोट रिकामं हवं. फक्त गोळीपुरता पावाचा एवढासा गोळा चालेल. सकाळची गोळी चुकवायची नाही."

"आणि एकदा झोपला, की तुम्ही कुठे असता? चहाला?"

"त्याच्या डोक्याशी. दात बाई काढतात. मला दुसरं कामच नसतं. तो झोपलाय तो नीट झोपलाय ना, एवढंच बघतो. छाती हलतेय, हिरड्या गुलाबी आहेत, यंत्रावर आकडे काय येतायत."

"नुसतं बघता?"

"नुसतं बघतो."

"त्याचे पैसे घेता?"

"घेतो."

"मी तीन महिने फुकट बघतेय," आई म्हणाली.

सही तिने त्या दिवशी केली नाही. "त्याच दिवशी करीन. आधी सही दिली की माणूस निर्धास्त होतो," म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी आईने घरात फर्मान काढलं: तो उपाशी, तर सगळे उपाशी.

"वहिनी, पण ऑपरेशन माझं नाहीये," काका म्हणाले.

"त्याच्या नाकासमोर बसून टोस्ट चावणार? आपण माणसं आहोत की कोण? चहा मिळेल. नुसता."

काका नुसता चहा घेऊन खिडकीत उभे राहिले, कोणीतरी हद्दपार केल्यासारखे. लेकीने स्वयंपाकघरात पावाचा मऊ भाग सुपारीएवढा मळला, आत गोळी दडवली, वरून नखाएवढं लोणी लावलं आणि बशीत ठेवून ती कोट आणि पट्टा आणायला आत गेली. कोट सापडायला वेळ लागला, कारण आईने त्याला रात्रीतून नवं अस्तर लावून मशीनखाली ठेवला होता. लेक परत आली तेव्हा बशी जमिनीवर होती आणि पेन्शनर ती लखलखीत चाटत होता. काका खिडकीबाहेर फार लक्ष देऊन काहीतरी बघत होते.

"शहाणा माझा तो," लेक पेन्शनरला म्हणाली.

गाडीत पुढे आई, मागे काका आणि पेन्शनर. कुत्र्याने गोळीनंतर पेंगायला हवं होतं. तो मात्र टेबलासारखा चारही पाय ताठ करून उभा, आणि काका मागे हळूहळू खिडकीकडे कलत होते. दवाखान्याच्या पायरीवर तर तो थरथरायलाच लागला. आत आल्यावर त्याची जीभ हातभर बाहेर आली, बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या. भूलवाल्या डॉक्टरांनी ताप बघितला, पायाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, आणि पुन्हा एकदा दोन्ही बघितलं.

"गोळी दिली होती?"

"दिली," लेक म्हणाली. "बशी चाटून पुसून खाल्ली."

"मग गोळी लागू पडली नाही. हा आत्ताच खूप तापलाय, घाबरलाय. अशा अवस्थेत मी भूल देणार नाही."

आईच्या चेहऱ्यावर एकदम सुटका आणि भीती दोन्ही आली. लेकीला ते दिसलं. आज घरी नेला तर हा पुन्हा इथे यायचा नाही. आणि न खाणारा म्हातारा कुत्रा किती दिवस काढणार, याला विमा कंपनीतलं कोष्टक लागत नव्हतं.

तेवढ्यात बाकाकडून एक लांबलचक, समाधानी घोरणं ऐकू आलं.

काका झोपले होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवर पोपटाचा पिंजरा होता, त्यावर काकांचं डोकं टेकलं होतं, आणि पोपट त्यांच्या कानाकडे बघत काहीतरी विचार करत होता.

"भावजी!" आई तीरासारखी गेली. "भावजी, उठा!"

काकांनी एक डोळा मोठ्या कष्टाने उघडला. "कडू होता..."

"काय कडू होतं?"

"पाव."

लेकीच्या डोक्यात खिडकी, बशी आणि पाठमोरे काका असे एकामागून एक येऊन उभे राहिले. "काका! तो पाव तुम्ही खाल्लात?"

"एवढासा तर होता. बशी मग मी त्याच्यापुढे ठेवली, त्याला वाईट नको वाटायला."

"कडू लागला तर थुंकायचा ना!"

"मला वाटलं," काका म्हणाले, "तू केलायस म्हणून." आणि डोळा मिटला.

यानंतर थोडा वेळ दवाखान्यात कुत्र्यापेक्षा काकांचीच पळापळ झाली. भूलवाल्या डॉक्टरांनी काकांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी कुठली, किती ताकदीची, माणसाचं वजन किती, बाकी औषधं काय, सगळं सांगितलं. तिकडून आधी हसणं आलं, मग सूचना: एवढ्या देहाला एवढ्या गोळीने झोपेपलीकडे काही होईल असं वाटत नाही, कुशीवर झोपवा, लक्ष ठेवा, श्वासात जरा जरी फरक वाटला तर समोरच रुग्णालय आहे, उचलून न्या.

"माणसांना औषध द्यायची मला परवानगी नाही," भूलवाले डॉक्टर म्हणाले, "पण बघायला परवानगी लागत नाही."

एक लहानशी खोली रिकामी होती. पडदे ओढून तिथे अंधुक केलं. एका बाजूला बाकावर काका कुशीवर. दुसऱ्या बाजूला गादीवर पेन्शनर, त्याला शांत करायचं इंजेक्शन देऊन पंख्याखाली. काकांच्या बोटाला नाडी दाखवणारा चिमटा लावला.

"हा एरवी कुत्र्यांच्या जिभेला लावतो," डॉक्टर म्हणाले.

"बोटालाच राहू द्या," आई म्हणाली. "यांची जीभ आवरायची नाही चिमट्याला."

मध्ये एक खुर्ची होती. तिच्यात आई बसली. लेक दाराशी.

"मावशी, आता एक करायचं. दोघांनाही उठवायचं नाही. पेन्शनर शांत झाला, ताप उतरला, तर दुपारी भूल देता येईल. काकांना जाग येईल तेव्हा येईल."

"कधी?"

"ते ठरवतील."

"मी काय करू?"

"मी करतो तेच."

ते गेले. आईचे हात मांडीवर ठरेनात. काकांच्या घोरण्यात खंड पडला की तिचं बोट टोचायच्या तयारीत उठायचं, अर्ध्या वाटेत थांबायचं आणि माघारी यायचं. एकदा न राहवून ती वाकली आणि तिने काकांचा वरचा ओठ हलकेच वर केला.

"आई!"

"गुलाबी आहेत," आई कुजबुजली. मग आणखी जवळून बघून म्हणाली, "दात मात्र यांचेही काढायला झालेत."

लेकीने तोंडावर हात दाबला. हसू असं उसळलं की डोळ्यांतून पाणी आलं. ते थांबल्यावर तिने पाहिलं तर आई हसत नव्हती. ती काकांच्या तोंडाकडे बघत होती. झोपेत चेहऱ्याची हवा गेली होती. हनुवटी छातीकडे कलली होती, आणि अंधुक उजेडात ते नाक कोणाचं, हे सांगायची गरज नव्हती.

"यांनाच मी जिन्यात अडवलं होतं," आई हळूच म्हणाली. "आत आले असते तर बोललेच असते. हे कधी हळू बोललेत का जन्मात? मग ते उठले असते."

"आई, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर काय म्हणाले ते पाठ आहे मला."

लेकीजवळही एक रविवार होता. त्या दुपारी ती फोन करणार होती आणि 'झोपले असतील' म्हणून तिने केला नव्हता. ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही. पंख्याचा आवाज येत राहिला. पेन्शनरच्या बरगड्या आता भात्यासारख्या हलत नव्हत्या, पडद्यासारख्या हलत होत्या. मग त्याने पाय लांब केले आणि सुस्कारा टाकला. आईने त्याच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. चेंडूचा खेळ बघणाऱ्यासारखं तिचं डोकं कितीतरी वेळ इकडून तिकडे होत राहिलं. बोट मात्र पुन्हा उठलं नाही.

काकांना आपोआप जाग आली. कोणी हलवलं नाही, कोणी हाक मारली नाही. त्यांनी डोळे उघडले, बोटाचा चिमटा बघितला, शेजारचा कुत्रा बघितला, आणि त्यांना आपल्या आयुष्याचा हिशोब लागेना.

"वहिनी, अशा काय बघताय? झोपेत काही बोललो का मी?"

"नाही."

"मग भूक लागलीय."

आईने त्यांच्याकडे खूप वेळ बघितलं. मग पदराने नाक पुसलं. "खा जा. सगळेच खा."

भूलवाले डॉक्टर आले, ताप बघितला, रक्तदाब बघितला, या वेळी एकदाच. "चालेल," म्हणाले. आईने पिशवीतून चार मोजे काढून स्वतःच्या हाताने पेन्शनरच्या पायांत चढवले. पुढचे मागच्यांपेक्षा बोटभर आखूड, बरोबर मापाचे. सही केली. पट्टा त्यांच्या हातात दिला, पण सोडला नाही.

"डोक्याशी बसणार?"

"उठेपर्यंत."

मग तिने पट्टा सोडला.

दुपार त्यांनी बाकावर काढली. काकांनी बिस्किटांचा पुडा संपवला आणि शेवटचं पोपटवाल्या बाईंना देऊ केलं. बाईंनी पिंजरा दुसऱ्या मांडीवर घेतला. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई मूठभर दात वाटीत घेऊन आल्या. म्हणाल्या, काढलेले एवढेच, राहिलेले सगळे कामाचे. ग्रेहाउंडच्या जखमांतून मागाहून रक्त येऊ शकतं, म्हणून त्याचं औषध आजच सुरू केलंय. अंग गार पडलेलं नाही, आता उठायची वाट बघायची. मावशींना हवं तर आत बसू दे.

"हाक मारू?" आईने आत जाताजाता विचारलं.

"नको," भूलवाले डॉक्टर म्हणाले. "येईल तो. ओरडला तर घाबरू नका; यांच्यातले काही उठताना ओरडतात. दुखतं म्हणून नव्हे, कुठे आहोत ते कळत नाही म्हणून."

लेक आईसाठी चहा आणायला गेली. पेला हातात घेऊन परत येत होती तेव्हा ती किंकाळी आली. कुत्र्याची म्हणवेना अशी. लांब, चढत जाणारी, दवाखान्यातल्या प्रत्येक पिंजऱ्यातून तिला उत्तर येत गेलं, आणि पोपटाने तर ती लगेच पाठ करून म्हणून दाखवली. लेक धावत आत शिरली. गादीवर पेन्शनर मान वर करून आकांत करत होता, नर्सबाई त्याला धरून होत्या, डॉक्टर गुडघ्यावर बसून त्याच्या कानाशी सावकाश काहीतरी बोलत होते. आणि गादीशेजारच्या बुटक्या स्टुलावर आई होती. डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं, एक हात पांघरुणावर पडलेला. एवढ्या आवाजात ती हललीसुद्धा नव्हती.

लेकीने कुत्र्याकडे पाहिलंच नाही. पेला कुठे पडला ते तिला कळलं नाही. तिने आईचे दोन्ही खांदे धरले. "आई. आई! आई, ऊठ! आई!"

आईने डोळे उघडले. आधी काही क्षण ते कोणाचेच नव्हते, मग तिचे झाले, आणि मग रागाने मोठे झाले.

"काय आहे काय? आग लागलीय? इतक्या दिवसांनी जरा डोळा लागला होता, तर आली गदागदा हलवायला! झोपलेल्या माणसाला असं उठवतात? काही रीत?"

"वहिनी," दारातून काका म्हणाले, "हे तुम्ही म्हणताय?"

"तुम्ही खा!"

लेक खालीच बसली, सांडलेल्या चहात. आईचा राग निम्म्यावर आला आणि थांबला. तिने वाकून लेकीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि शिवण तपासावी तसं बघितलं.

"अगं, श्वास चालू होता की माझा. आधी बघायचं तरी."

"सुचलं नाही."

"हं," आई म्हणाली. "नाही सुचत."

तिचा हात तसाच लेकीच्या गालावर राहिला. पेन्शनरचं रडणं उतरत उतरत कुरकुरीवर आलं, मग त्याने डोकं आईच्या पावलावर टाकलं. दात गेल्यामुळे जीभ एका बाजूने बाहेर लोंबत होती, आणि ती आत घ्यायची असते हे तो बहुधा विसरला होता.

"ही अशीच राहणार का?"

"अडवायला दात नाहीत आता," डॉक्टर म्हणाले. "घरी न्या. आज, उद्या झोपेल. झोपू द्या. पण हिरड्यांतून रक्त येतंय का, ते दोन-तीन दिवस मधूनमधून बघावं लागेल."

"बघेन," आई म्हणाली. "न उठवता."